माटुंग्याला उतरलीस की...

सगळ्यात आधी एक प्रॅक्टिकल टिप. माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही. डोंबिवली-कल्याणकडून येणाऱ्यांनी एकतर गपगुमान स्लो पकडायची, नाहीतर फास्टने दादरला उतरून उलट्या स्लोने एक स्टेशन मागे यायचं. हे सगळं मी भाचीला व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर लिहून पाठवलं, तर तिचं उत्तर आलं, ‘मावशी, अ‍ॅपमध्ये दिसतं गं ते.’ घ्या!

२०२५च्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या मुलीला अकरावीसाठी माटुंग्याचं कॉलेज मिळालं. मिळालं म्हणजे काय, मोबाइलवर कळलं. मुंबईत अकरावीची अ‍ॅडमिशन २००९पासून ऑनलाइन झाली, २०२५ला तर अख्ख्या महाराष्ट्रात. दोन आठवड्यांनी बहिणीचा फोन. ‘तुला माटुंगा पाठ आहे. एक दिवस तिच्याबरोबर जा आणि चार गोष्टी नीट समजावून सांग.’

मला माटुंगा पाठ आहे, हे शंभर टक्के खरं. कुठल्या बागेतल्या कुठल्या बाकावर दुपारी दोन वाजता सावली असते, इथपर्यंत पाठ आहे. पण तो कसा पाठ झाला, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी कॉलेजात कमी आणि माटुंग्यात जास्त काढली, म्हणून. कॉलेजचं नाव सांगत नाही. त्याची काही गरज नाही, कारण लेक्चर बुडवायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी जायचं ठरलं. (‘शनिवारी काही नसतं गं आमच्याकडे,’ इति भाची.) आदल्या रात्री ऑफिसमधून येऊन चार गोष्टींची यादी करायला बसले. मस्त पेन-बिन घेऊन. दुसऱ्या ओळीलाच लक्षात आलं, की हे मी त्या पोरीला सांगतच नाहीये. तिला काय, तिला अ‍ॅपमध्ये दिसतं. हे मी १९९८च्या जूनमध्ये करी रोडहून गाडीत बसलेल्या, नवीन चपला घातलेल्या, दोन वेण्यांच्या एका मुलीला सांगतेय.

तर अगं ए, ऐक. परळ, दादर आणि तिसरं माटुंगा. उतर.

आमच्या वेळची अ‍ॅडमिशन म्हणजे पायपीट. प्रत्येक कॉलेजच्या खिडकीवर लाइन लावून फॉर्म घ्यायचा, मार्कशीटची झेरॉक्स अटेस्ट करून जोडायची, आणि लिस्ट भिंतीवर लागली की छत्र्यांच्या गर्दीत टाचा उंच करून आपलं नाव शोधायचं. झेरॉक्स काढून आणणं आणि चाळीजवळच्या एसईओ काकांकडून तिच्यावर शिक्का मारून आणणं हे बाबांचं काम. ते हे काम सणासारखं करायचे. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. दहावीला मला ८४ टक्के होते, मराठी मिडियम, आणि आमच्या मजल्यावर इतके मार्क त्याआधी कोणालाच पडले नव्हते.

बाबा गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्याच वर्षी मी जन्मले, म्हणजे गिरणीत जाणारे बाबा मी कधी पाहिलेच नाहीत. अडीच लाखांच्या आसपास माणसं एका दिवसात बाहेर पडली, त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. बाबा त्यातलेच. पुढे त्यांनी भाजी विकली, रात्रीची वॉचमनकी केली. पण बोलायचे मात्र कायम साच्यांच्या आवाजात असल्यासारखे, मोठ्याने. आणि त्यांच्या बोलण्यात मोठा माणूस म्हणजे मास्तर. शाळेचा नाही हां, विव्हिंग मास्तर! जॉबरच्या वर आणि साहेबाच्या खाली, पांढरा शर्ट घालून खात्यातून फिरणारा. हे मास्तर कुठून येतात, तर बाबांच्या मते व्हीजेटीआयमधून.

बाबा तसे चुकीचे नव्हते. व्हीजेटीआय १८८७ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने स्थापन झालं, आधी भायखळ्याला, १९२३पासून माटुंग्याला. तिथलं टेक्स्टाइलचं शिक्षण गिरण्यांना शिकलेली माणसं पुरवण्यासाठीच होतं. शेजारची यूडीसीटी, आताची आयसीटी, १९३३ला सुरू झाली तीसुद्धा केमिकल इंजिनीअरिंग आणि टेक्स्टाइल केमिस्ट्री घेऊन. म्हणजे बघा, कापड लालबाग-परळला विणलं जायचं आणि ते विणण्या-रंगवण्याची विद्या तीन स्टेशनं पुढे शिकवली जायची. हे मला कळलं पुढे पुस्तकांतून. बाबांना कसं माहीत होतं, देव जाणे. १९९७ला व्हीजेटीआयमधल्या व्हिक्टोरिया ज्युबिलीच्या जागी वीरमाता जिजाबाई आल्या, तेव्हा तर बाबांनी कात्रण कापून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. कॉलेजात सोडायला नाही. त्याआधी अर्धा तास मला चालवत व्हीजेटीआयच्या गेटपाशी नेलं आणि म्हणाले, ‘बघून ठेव. दोन वर्षांनी इथे.’ मग मला उलटं माझ्या कॉलेजपर्यंत आणलं आणि पहिल्याच लेक्चरला मी वीस मिनिटं उशिरा पोचले. शेवटच्या बाकावर जागा होती.

तो बाक मी पुढे सोडला नाही. सल्ला नंबर एक हवा असेल तर तोच : पहिल्या दिवशी जिथे बसतोस तिथे आपण चिकटतो, तेव्हा लवकर जा. पण मला माहितीये, तू ऐकणार नाहीस. बाबांना ‘आधी कॉलेज, मग गेट’ असं म्हणण्याची तुझी काय बिशाद!

बरं, आता आपण स्टेशनातून बाहेर पडू. हे स्टेशन जुलै २०१७मध्ये देशातलं पहिलं असं स्टेशन झालं, जिथे बुकिंग क्लार्कपासून स्टेशन मॅनेजरपर्यंत सगळा स्टाफ बायकांचा. २०१८च्या लिम्का बुकातही आलं. आमच्या वेळी तिकीट खिडकीतल्या काकांकडे मोठ्याने ‘कन्सेशन’ म्हणायची मला लाज वाटायची, ते आठवलं. अजून एक. माटुंगा वेगळं आणि माटुंगा रोड वेगळं. एक सेंट्रलवर, दुसरं वेस्टर्नवर, मध्ये रुळांवरून जाणारा झेड ब्रिज. पहिल्या आठवड्यात वर्गातली एकजण ‘माटुंगा रोडला भेटू’ म्हणाली आणि मी रोड म्हणजे रस्ता समजून एका रस्त्यावर तासभर उभी होते. हसू नका.

बाहेर आलं की वास येतो. कॉफी, मोगरा आणि ओल्या केळीच्या पानांचा मिळून एकच वास. माटुंगा म्हणजे मुंबईच्या पोटातलं दक्षिणेतलं एक गाव, हे कोणी सांगायला नको. पण हे गाव आपोआप वसलेलं नाही. १८९६च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडवली, त्यानंतर १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने दादर-माटुंगा-वडाळा भागाची आखणी केली. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये हवा, मध्ये मध्ये बागा. मग तमीळ, मल्याळी, कानडी नोकरदार आले, गुजराती-कच्छी आले, पारशी आले. आणि नोकरदार माणसाच्या पाठोपाठ काय येतं? इडली आणि कॉलेज.

इडलीचा हिशेब असा. स्टेशनजवळचं राम आश्रय १९३९चं, किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४०चं, केळीच्या पानावर जेवण वाढणारं रामा नायक यांचं उडुपी १९४२चं. कॉलेजांचा हिशेबही तेव्हाचाच : रुईया आणि खालसा १९३७, पोदार १९४१. इडली आणि डिग्री एकाच पिढीतल्या, बॉस! मुकेश अंबानी यूडीसीटीत होते, डॉ. माशेलकरही तिथलेच, रवी शास्त्री पोदारचा. रुईयात पुष्पा भावे मराठी शिकवायच्या. एवढ्या मोठमोठ्या माणसांना या गल्ल्यांनी वाढवलंय आणि तू मात्र राम आश्रयच्या दारातून तीन वेळा परत फिरलीस, कारण आतल्या पाटीवरचे निम्मे पदार्थ कसे म्हणायचे ते तुला येत नव्हतं.

भाचीला मी तिथेच नेलं. शनिवार सकाळ म्हणजे बाहेर नावं लिहून थांबलेली गर्दी. तिने आत शिरताच विचारलं, ‘दादा, आज शिरा कसला आहे?’ आणि वेटरने सांगितलं. झालं. एवढंच असतं ते. मला हे वाक्य म्हणायला दीड वर्ष लागलं होतं.

ते दीड वर्ष कशात गेलं, ते सांगते. जरा लांबेल, पण मुद्दा तोच आहे.

अकरावीचं फिजिक्सचं पहिलं लेक्चर. सर चांगले होते, अजिबात खडूस वगैरे नव्हते. त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली आणि बोलायला लागले. डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन. मी वहीत जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहीत गेले. शेजारची मुलगी भराभर इंग्रजीत लिहीत होती. पुढच्या बाकावरून कोणीतरी प्रश्न विचारला, तोही इंग्रजीत, आणि वर्ग हसला. मला प्रश्नही कळला नाही आणि विनोदही. मी पण हसले.

गंमत अशी, की मला ते सगळं येत होतं! विस्थापन, वेग, त्वरण, संवेग, जडत्व. दहावीला सायन्समध्ये मला दीडशेपैकी एकशे एकतीस होते. त्वरणाची गणितं मी झोपेत सोडवली असती. मला त्वरण येत होतं, अ‍ॅक्सिलरेशन येत नव्हतं, आणि ही दोन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे समजायला मला ऑक्टोबर उजाडला. तोपर्यंत मी स्वतःविषयी एक निकाल लावून टाकला होता. ८४ टक्के हा झोल होता. आपण शाळेच्या हुशार. इथल्या नाही.

मग हळूहळू टीपी सुरू झाला. आधी एक लेक्चर, मग दुपार, मग आठवड्यातले तीन दिवस. पण चाळीत परत जाता येत नाही ना, दुपारी एकला घरी गेलं तर चार बिऱ्हाडं विचारणार. म्हणून माटुंगा. आम्ही कोणी ‘मजा म्हणून बंक’वाल्या नव्हतो. नाक्यावर पडीक असायच्या त्या वेगळ्या. रुईयाचा नाका तेव्हाही सॉलिड गजबजलेला असायचा. एकांकिकांवाली पोरं, गिटारवाली पोरं, निवडणुकीवाली पोरं, सगळ्यांचा आवाज चढलेला. मी समोरच्या फुटपाथवरून बघत जायचे. कोणाच्याही घोळक्यात उभं राहायला काहीतरी बोलावं लागतं, आणि मी बोलणं बंद केलं होतं.

माझा रूट ठरलेला होता. स्टेशन, मार्केट, किंग्ज सर्कल, फुटपाथवरची जुनी पुस्तकं, मग पाच गार्डन. महेश्वरी उद्यानाच्या आसपासचे ते जुन्या पुस्तकांचे ढीग म्हणजे एक युनिव्हर्सिटीच आहे. पुस्तक घ्यायचं, वापरायचं, वर्ष संपलं की परत नेऊन द्यायचं, अर्धे पैसे परत. तिथे उभं राहून मी काय काय वाचलं! फक्त फिजिक्स सोडून. एकदा तिथल्या माणसाने स्वतःहून माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. विज्ञानाच्या शब्दांचा इंग्रजी-मराठी कोश होता, पुठ्ठा निखळलेला. ‘मराठी मिडियम ना? हे घेऊन जातात पोरं,’ म्हणाला. मला इतका राग आला! याला कसं कळलं? माझ्या कपाळावर लिहिलंय का? मी पुस्तक ठेवलं आणि निघाले. आठवडाभर त्या फुटपाथवरून गेलेसुद्धा नाही.

अगं मूर्ख मुली, तो म्हणाला, ‘पोरं.’ अनेकवचन! म्हणजे तुझ्यासारखी दर जूनला ढिगाने येत होती, आणि ती तो कोश घेऊन जात होती. बाकी सगळे सल्ले सोडून दे. परत जा, खिशातली दहाची नोट काढ, कमी पडले तर उद्या देते म्हण, आणि ते पुस्तक घे.

आता अरोराची गोष्ट. शेजारची ती भराभर लिहिणारी मुलगी तमीळ होती, भाऊ दाजी रोडजवळ राहायची. अकरावीची परीक्षा संपल्यावर ती मला ओढून अरोरा थिएटरला घेऊन गेली. किंग्ज सर्कलच्या अरोरात तेव्हा तमीळ पिक्चर लागायचे आणि रजनीकांतचा असला की बाहेर जत्रा. शिट्ट्या, ढोल, कटआउटला हार. मला तमीळचं एक अक्षर कळत नव्हतं. तीन तास मी तिला कोपराने ढोसत होते, ‘काय म्हणाला? काय म्हणाला?’ आणि ती न कंटाळता अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगत होती. इतकं हसलो! बाहेर पडताना मला जवळजवळ सगळी स्टोरी कळली होती.

त्याच मुलीच्या शेजारी मी फिजिक्सला अख्खं वर्ष बसले होते. ‘काय म्हणाले?’ एवढं विचारायला कोपर उचलला नाही.

२०१८ला आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, तेव्हा ती बंगलोरहून आली होती. मी तिला हे सांगितलं. ती बघतच राहिली. म्हणाली, तिला तरी कुठे काय कळत होतं! ती सर बोलतील ते नुसतं उतरवून घ्यायची, घरी भाऊ समजावायचा. आणि मी शेवटच्या बाकावर इतकी शांत बसायचे, की तिला वाटायचं, हिला सगळं येतंय, म्हणून ही लेक्चरला येत नाही. आता बोला!

हे सगळं मी भाचीला कॉफी पिता पिता सांगत नव्हते बरं का. तिला मी प्लेग, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९३९, १९४० असला टुरिस्ट गाइड फंडा देत होते. ती ऐकत होती, मध्ये मध्ये फोटो काढत होती. किंग्ज सर्कलला फ्लायओव्हरखाली आता लांबलचक बाग झालीय, नानालाल मेहता उद्यान. त्यातली वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणावळणाची केलीय. वर ट्रॅफिक, खाली नदी, आणि त्या नदीत म्हातारे-कोतारे चालतायत. हे आमच्या वेळी नव्हतं. असतं तर माझा अजून एक तास गेला असता.

तिथून आम्ही पाच गार्डनला आलो. पारशी कॉलनीची ती झाडं, बसक्या जुन्या इमारती, मुंबईत बसत नाही असली शांतता. कॉलनी उभी राहिली ती मंचेरजी जोशींमुळे, त्यांचंच नाव बागांना आहे. मी सवयीने एका बाकाकडे वळले आणि भाची म्हणाली, ‘इथे का? तिकडे रिकामा आहे ना.’

‘इथे सावली असते,’ मी म्हटलं.

‘तुला कसं माहीत?’

आणि मग मी सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. कदाचित इथून पुढे जे गेट दिसणार होतं, त्याच्यासमोर मला परत गाइडगिरी करता आली नसती. अ‍ॅटेंडन्सची डिफॉल्टर लिस्ट लागली तेव्हा बाबांची खोटी सही मी याच बाकावर बसून गिरवली होती. २०००च्या बारावीला फिजिक्सला ४१ आले. मॅथ्स त्याहून बरं, केमिस्ट्री त्याहून वाईट. इंजिनीअरिंगचा विषयच संपला. घरी येऊन मी सांगितलं, ‘व्हीजेटीआय थोडक्यात हुकलं, बाबा. दोन-तीन मार्कांनी.’ बाबा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘असू दे. थोडक्यात हुकलं म्हणजे नशीब.’ पुढे चाळीत, गावाला, लग्नाकार्यात ते सगळ्यांना हेच सांगायचे. आमचं व्हीजेटीआय थोडक्यात हुकलं. दर वेळी मी दुसरीकडे बघायचे.

मी कॉमर्सला गेले, बीकॉम झाले, नोकरीला लागले. वाईट काही झालं नाही. लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या एका काचेच्या टॉवरमध्ये आता बसते. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी निम्मे तिथेच आसपास बसत असतील, त्यामुळे त्यात काही विशेष नाही. त्वरणाची गरज पडत नाही, एक्सेलवर भागतं. पण बाबा २०११ला गेले आणि हे सांगायचं राहून गेलं.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या पिढीला लगेच ‘इट्स ओके’ म्हणायची सवय असते, म्हणून मी त्याची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, ‘पण मावशी, बीकॉमच्या अ‍ॅडमिशनला मार्कशीट लागली असेल ना?’

‘हो, झेरॉक्स लागायची. अटेस्ट करून.’

‘ती कोणी आणली?’

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

इस्त्रीचा शर्ट घालून. तीन कॉप्या. एसईओ काकांचा शिक्का प्रत्येक कॉपीवर, नीट, सरळ. बाबा सातवी शिकलेले होते, पण आकडे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आयुष्यभर त्यांनी वार मोजले होते, पगाराच्या पावत्या वाचल्या होत्या. ४१ आणि शंभर यांच्यात किती अंतर असतं, आणि त्याला थोडक्यात म्हणतात की नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं मी पंचवीस वर्षं कसं काय धरून चालले होते?

म्हणजे ते सगळ्यांना सांगायचे ते... असो.

आम्ही उठलो. व्हीजेटीआयच्या गेटपाशी पाच मिनिटं उभ्या राहिलो. पोरं-पोरी आत-बाहेर करत होती, कोणाच्या हातात ड्रोनसारखं काहीतरी होतं. भाचीने गेटचा फोटो काढला, मग मला उभं करून गेटसकट माझा काढला. ‘आजोबांना पाठवता आला असता तर,’ असलं काही ती म्हणाली नाही, बरं झालं. ती म्हणाली, ‘भूक लागली.’

परत येताना कॅफे मद्रासला रस्सम इडली खाल्ली. तिथेही रांग, ती वेगळीच. मग जुन्या पुस्तकांपाशी थांबलो. पुस्तकं होती, माणूस दुसरा होता, तरुण, कानात इअरफोन. मी तो कोश आहे का विचारलं. त्याने दोन-तीन ढीग उपसून बघितले आणि जेईईची गाइडं पुढे केली. भाचीने तिला हव्या त्या एका गाइडचा भाव केला, दीडशे रुपये कमी करून घेतले, आणि वर ‘परत आणलं तर अर्धे देणार ना?’ हेही पक्कं करून घेतलं. हे तिला कोणी सांगितलं होतं? मी तर नाही.

संध्याकाळी स्टेशनवर आलो. तिची डोंबिवलीकडची स्लो आली, लेडीज डब्यात ती चढली, दारातल्या दांड्याला धरून माझ्याकडे वळली. गाडीने हलका हिसका दिला तेव्हा म्हणाली, ‘मावशी, आईला सांगू नकोस हां. आज आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं.’

मी ‘अगं’ म्हणेपर्यंत गाडी सुटली होती.